दिसलं ते सांगा, नाव डॉक्टर देतील

पत्र

मी खटाव तालुक्यातल्या एका वाडीवर अंगणवाडी सेविका आहे. नोकरीला बरीच वर्षं झाली. जूनपासून माझ्याकडे एक मुलगी येते, तिला इथे चिऊ म्हणते. तीन वर्षं दोन महिन्यांची. वजन-उंची वाढीच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात, म्हणजे वयाला साजेशी, चालणं-पळणं ठणठणीत. पण हाक मारली तर वळून बघत नाही. खिचडी खाऊन झाली की ताटली उभी धरून गरकन फिरवते आणि ती थांबेपर्यंत एकटक बघत बसते. थांबली की पुन्हा. बाकीची पोरं 'मामाचं पत्र हरवलं' खेळतात तेव्हा ही भिंतीकडेने चकरा मारते. तहान लागली तरी पाणी मागत नाही. माझं मनगट धरून माठापाशी नेते आणि माझा हात माठावर ठेवते, तोंडाकडे बघतसुद्धा नाही. पुसेगावच्या यात्रेत पाळण्याच्या आणि भोंग्याच्या आवाजाने दोन्ही कान गच्च दाबून घेतले होते, असं तिची आई सांगत होती. एरवी इंग्रजीतले आकडे आणि ए टू झेड धडाधड म्हणते, त्यामुळे घरचे खूश आहेत.

वडील तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात. दीड वर्षाची होईपर्यंत चिऊ तिकडेच होती, म्हणून दोन भाषांत गोंधळली असं घरात म्हणतात. आजी म्हणते, "तिचा बा तरी कुठं लवकर बोललेला? साडेतीन वर्षांचा झाला तवा तोंड उघडलं." घर गावात वजनदार. 'एकदा दवाखान्यात दाखवू या' एवढंच मी म्हटलं, तर आजी सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "आमची पोर काय येडी हाय व्हय?" पुढचे काही दिवस चिऊला पाठवलंच नाही. हा ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असेल का? मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले, सगळं जुळतंय. पण मी माझ्या मर्यादेबाहेर तर जात नाही ना?

ता. क. आणखी एक मुलगा आहे, पाच वर्षांचा. हुशार आहे, बोलण्यात तरबेज. पण हल्ली सारखा पडतो. पूर्वी नव्हता पडत. पोटऱ्या मात्र अशा भरलेल्या की चुलते म्हणतात, पैलवान होणार. त्याच्याबद्दलही बोलावं का, कळत नाही.

उत्तर

सेविकाताई,

ऑटिझम आहे की नाही हे मला पत्रावरून सांगता येणार नाही आणि तुम्हाला व्हिडिओवरून सांगता येणार नाही. मात्र चिऊला तपासायला न्यायला हवं आणि 'दिवाळीनंतर बघू' म्हणून ते मागे टाकायला नको, एवढं सांगायला तुमचं पत्र पुरेसं आहे.

मर्यादेचं म्हणाल तर तुम्ही तिच्या आतच आहात. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. लक्षणं लवकर हेरणं, मुलाला अंगणवाडीत सामावून घेऊन घरच्यांना बळ देणं, आणि आशाताई, सिस्टर व आरबीएसकेच्या, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यक्रमाच्या, पथकामार्फत पुढे पाठवणं, ही तिन्ही कामं तिच्यात तुमच्याकडेच आहेत. पोषण ट्रॅकरच्या ऑनलाइन नोंदी, टीएचआर म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं वाटप आणि सतराशे साठ सर्वेक्षणांच्या ढिगाऱ्यावर हे आणखी एक काम ठेवलं, याबद्दल वेगळं भांडता येईल. पण 'तुमचा काय संबंध' असं तुम्हाला कुणी म्हणू शकत नाही.

हद्दीबाहेरची गोष्ट एकच, निदान. 'तुमच्या मुलीला ऑटिझम आहे' हे वाक्य तुमच्या तोंडून जाता कामा नये. ते चुकलं तर पुढच्या मुलाच्या वेळी तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि बरोबर निघालं तरी घरचे मुलीचं बघायचं सोडून तुमच्याशी वाद घालत बसतील. दिसलं ते सांगायचं. व्हिडिओतही सगळं जुळतंच. ते व्हिडिओ बनवलेलेच तसे असतात.

आता तुम्हाला जे दिसलं त्याबद्दल. आमच्याकडे बहुतेक आया 'बोलत नाही' ही तक्रार घेऊन येतात. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला माठाची वाटली. वर्षाच्या आसपासचं मूल बघा. कौलावर कावळा दिसला की ते बोट दाखवतं आणि लगेच आपल्या तोंडाकडे बघतं, आपणही बघितला ना याची खात्री करतं. त्याला कावळा नको असतो, तो तुम्हाला दाखवायचा असतो. बोलण्याची खरी सुरुवात तिथे होते, शब्द मागाहून येतात. चिऊ तुमचं मनगट धरते ते पक्कड हातात घ्यावी तसं. पाणी काढायला हात लागतो, तो तिने आणला. हाताला जोडलेलं माणूस आहे, त्याला डोळ्यांनी विचारता येतं, हे तिच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. न बोलणाऱ्या मुलापेक्षा न मागणाऱ्या, न दाखवणाऱ्या मुलाची काळजी मला जास्त वाटते. म्हणून इंग्रजी आकडे ऐकून मी खूश होणार नाही. पाठांतर तल्लख आहे, हे चांगलंच. पण पन्नासपर्यंत म्हणणाऱ्या मुलीसमोर दोन बिस्किटं धरून 'किती?' विचारा, नाहीतर 'आईला एक दे' म्हणा, म्हणजे म्हणणं आणि बोलणं यातला फरक कळेल.

पुढचा आठवडाभर एक वही ठेवा. 'ऐकत नाही', 'हट्टी आहे' असले शेरे नकोत, घडलं ते लिहा. उदाहरणार्थ: 'सकाळी साडेदहा. मागून नाव घेऊन तीनदा हाक मारली, वळली नाही. बिस्किटाचा पुडा फाडला, लगेच वळली.' दारात उभ्या राहून 'ते बघ, ट्रॅक्टर' म्हणत बोट दाखवा. ती ट्रॅक्टरकडे बघते, तुमच्या बोटाकडे बघते की कशाकडेच नाही? रिकाम्या कपातून खोटा चहा पिऊन तिच्यापुढे कप धरा. तिच्या वयाची पोरं फुर्र करून पितात, वर 'गरम हाय' म्हणतात. ती काय करते ते लिहा. तासाभराच्या तपासणीत डॉक्टरांना जे दिसत नाही ते या वहीत असतं. अनोळखी खोलीत मूल एक तर रडतं नाहीतर आईला चिकटून बसतं.

वहीत चांगलंही लिहा. कशाला हसते, कुणाजवळ जाते, काय स्वतःचं स्वतः करते. उपचार त्यावरच उभे राहतात, आणि ही वही एक ना एक दिवस आजीच्या हातात जाणार आहे.

सगळ्यात आधी कान. यात्रेत कान दाबले म्हणजे ऐकू येतं, हा हिशेब पुरा नाही. काही मुलांना मोठे आवाज ऐकू येतात, ट्रॅक्टरला आणि कुकरच्या शिट्टीला ती दचकतात, पण बोलण्यातली अक्षरं त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाहीत. एखाद्या मुलाला ठरावीक पट्टीतलेच आवाज येतात. टाळ्या वाजवून, ताट आपटून घरी केलेली परीक्षा म्हणूनच फसवी. ओएई आणि बेरा या कानाच्या तपासण्यांत मुलाने काही सांगावं लागत नाही. बेरा तर झोपेत करतात, यंत्र मेंदूपर्यंत आवाज पोचल्याची नोंद घेतं. चिऊचे कान बरोबर निघाले तर एक शंका मिटली. कमी निघाले तर पुढची सगळी वाटच बदलते, आणि मग ऐकण्याची यंत्रं किंवा शस्त्रक्रिया जितकी लवकर तितकी भाषा जास्त हाती लागते. डॉक्टर नात्यातल्या लग्नाबद्दल विचारतील. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही नवलाची गोष्ट नाही, आणि अशा घरांत आनुवंशिक बहिरेपणाची शक्यता वाढते. त्या प्रश्नाचा कुणी अपमान वाटून घेऊ नये, हे आधीच सांगून ठेवा.

आजीचं 'बा पण उशिरा बोलला' हे मी उडवून लावणार नाही. उशिरा बोलणारी आणि पुढे बोलून डोकं उठवणारी मुलं असतात. पण ती मुलं न बोलताही घर चालवतात. बोट दाखवतात, खुणा करतात, आजोबांची नक्कल करतात, 'चप्पल आण' म्हटलं की चप्पल आणतात. वडील लहानपणी तसे होते का, हे आजीलाच विचारा. बहुधा तीच रंगवून सांगेल, आणि सांगता सांगता नातीतला फरक तिच्याच लक्षात येईल. नाही आला तरी बिघडत नाही. तपासणी करून काही निघालं नाही, तर एक दिवस आणि एसटीचं भाडं गेलं, तेही बायकांना अर्धंच आहे. न तपासता वर्ष गेलं तर ते भरून काढायला फार कष्ट पडतात.

दोन भाषांचा मुद्दा तर सोडूनच द्या. जत तालुक्यात घरी कानडी आणि शाळेत मराठी अशी पिढ्यान् पिढ्या मुलं वाढतात. दोन भाषांमुळे मूल कधी शब्दांची सरमिसळ करतं, पण बोट दाखवायचं थांबत नाही. मोबाईलबद्दल जरा सांभाळून बोला. मोबाईलने ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि तेवीस-चोवीस वर्षांच्या, नवरा परगावी असलेल्या आईला 'तूच मोबाईल दिलास' म्हणणं हा सरळ अन्याय आहे. पण मोबाईल माणसांशी बोलण्याचा वेळ खातो, हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभराहून जास्त पडदा नको, आणि जितका कमी तितकं बरं. सुरुवात जेवणापासून करा, भरवताना मोबाईल बंद. कुणी 'डोस दिल्यापासून असं झालं' म्हणालं तर ठामपणे नाही म्हणा. लस आणि ऑटिझम जोडणारा १९९८ मधला शोधनिबंध ज्या नियतकालिकात आला होता त्यानेच तो २०१० मध्ये मागे घेतला. लसीकरणाच्या दिवशी बायका तुमच्याच अंगणात जमतात, तेव्हा हे उत्तर तुमच्याकडे तयार पाहिजे.

आता घरच्यांना सांगायचं कसं. मागच्या वेळी जे बिनसलं ते सगळ्यांसमोर बोलणं झाल्यामुळे, सांगण्यात काही वावगं नव्हतं. टीएचआर वाटपाच्या रांगेत, महिला मंडळात, पारावर हा विषय पुन्हा नको. आधी आईला एकटीला गाठा. दुपारी मुलं गेल्यावर 'जरा वही भरायला मदत कर' म्हणून थांबवून घ्या. आणि सांगण्याऐवजी विचारा: "घरी तहान लागली तर कशी मागते गं?" "बाबांचा व्हिडिओ कॉल आला की काय करते?" आमचा अनुभव असा की निम्म्याहून जास्त वेळा आईला आधीच काहीतरी खुपत असतं, तिचं कुणी ऐकून घेतलेलं नसतं. तिला बोलू द्या. रडली तर रडू द्या. मग तुमचं सांगा, तेही एवढंच: "मला इथे असं असं दिसलं. कशामुळे ते मला माहीत नाही. आधी कान तपासून घेऊ, मी येते बरोबर." शेजारच्या अमक्याच्या मुलाशी तुलना करायची नाही, 'मंद', 'गतिमंद' हे शब्द नाहीत, आणि 'घाबरू नको, काही नसेल' हेही नाही. ते तरी तुम्हाला कुठे माहीत आहे?

वडिलांना वाऱ्यावर सोडू नका. गलाईवाल्या घरांत निर्णय बऱ्याचदा फोनवर होतात, आणि आजीने सांगितलेलंच त्यांच्या कानावर गेलेलं असतं. आईने स्वतःच्या मोबाईलवर माठाचा आणि ताटलीचा छोटा व्हिडिओ काढून त्यांना पाठवावा. तुमच्या मोबाईलवर काढू नका. आणि तो कुठल्याही ग्रुपवर, पर्यवेक्षिकाबाईंच्या ग्रुपवरसुद्धा, जाता कामा नये. एवढ्याशा गावात मुलीचा व्हिडिओ फिरायला लागला तर ते घर तुम्हाला कायमचं बंद होईल.

आजीशी वाद घालून जिंकायचं नाही, तिला बरोबर घ्यायचं. "आजी, तुमच्याशिवाय ती कुणापाशी बसत नाही, डॉक्टर तुम्हालाच विचारणार, तुम्ही चला." हे खोटंही नाही. पुढे रोजचं खेळवणं, बोलवणं आजीच्याच मांडीवर होणार आहे. औंधच्या यमाईला नवस बोलायचा असेल तर बोलू द्या. नवस आणि बेरा दोन्ही एकाच महिन्यात होऊ शकतात. ज्या आजीला तुम्ही यमाईवरून दुखावलं ती साताऱ्याच्या गाडीत बसणार नाही.

वाट सोपी आहे, फक्त पाठपुरावा लागतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आपली आरबीएसके, २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाली. त्यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि जन्मतः असलेली व्यंगं, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब अशा चार गटांतल्या तीसेक गोष्टी तपासतं. पुढच्या फेरीची वाट बघू नका. तुमच्या उपकेंद्राच्या सिस्टरकडून किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून (सीएचओ) पथकाच्या डॉक्टरांचा नंबर घ्या, नाहीतर थेट प्राथमिक आरोग्य केंद्रातून वैद्यकीय अधिकाऱ्यांची चिठ्ठी घ्या. पुढे जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी, साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात विचारायचं. बालरोगतज्ज्ञ, कान आणि वाचा तपासणारे, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक हे सगळे एका छताखाली असावेत अशी त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात सगळी पदं सगळ्या वेळी भरलेली असतीलच असं नाही, म्हणून निघण्याआधी कोण कुठल्या वारी असतं ते फोन करून विचारा. एसटीने साताऱ्याला जाऊन 'मॅडम रजेवर आहेत' ऐकलं की ते घर दुसऱ्यांदा येत नाही. मायणीकडच्या गावांना कधी कराड, कधी मिरजेचं शासकीय रुग्णालय सोयीचं पडतं, तिकडे गेलात तरी चालेल. बरोबर माता-बाल संरक्षण कार्ड, बाळंतपणाची कागदपत्रं आणि तुमची वही न्या. दिवस भरण्याआधी जन्म झाला होता का, जन्मल्यावर रडायला उशीर झाला का, काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं का, फिट आली होती का, हे विचारलंच जातं. आईला आधी आठवून ठेवायला सांगा.

तिथे रक्ताची एखादी तपासणी करतील, थायरॉइडची तर बहुधा. पण ऑटिझम दाखवणारी रक्ताची चाचणी नाही आणि एमआरआयही नाही. निदान मुलाला बघून, खेळवून आणि घरच्यांना विचारूनच होतं. एक-दोन भेटींत नक्की सांगितलं नाही म्हणजे डॉक्टरांना कळत नाही, असं समजू नका. निदानाची वाट बघत थेरपी थांबवायची नसते, बोलण्या-खेळण्याचं काम त्याच आठवड्यात सुरू करता येतं. 'सहा महिन्यांत बरी करून देतो' म्हणणाऱ्यापासून मात्र लांब राहा. काही ठिकाणी ऑटिझमवर स्टेम सेलचे, म्हणजे मूलपेशींचे, महागडे उपचार विकले जातात. ते सुचवता येत नाहीत, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. धंद्यात पैसा असलेली घरं या सापळ्यात पटकन सापडतात, म्हणून वडिलांना हे आवर्जून सांगा.

दाखल्यांचा विषय आत्ता काढूच नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यात आहे, पुढे गरज पडली तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, होतं, निरामय योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण मिळतं. हे सगळं नंतरचं. तपासणीआधी 'दाखला' म्हटलं तर आजी दार लावून घेईल.

तोवर चिऊ अंगणवाडीत यायला हवी, हे बाकी सगळ्यापेक्षा मोठं. माठापाशी तुम्हाला रोज काम करता येईल. तिने मनगट धरलं की जा तिच्याबरोबर, पण हात लगेच चालवू नका. खाली बसा, तुमचं तोंड तिच्या डोळ्यांसमोर येईल इतकं. भरलेला पेला तुमच्या गालाजवळ धरा. 'पाणी' म्हणा, एकदाच, आणि थांबा. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. तिने क्षणभर डोळ्यांत बघितलं, ओठ हलवले, पेल्याकडे बोट केलं, काहीही केलं की लगेच द्या, पुन्हा 'पाणी' म्हणत. काहीच केलं नाही तरी द्या, पाण्यावाचून ठेवायचं नाही. ताटली हिसकावून घेऊ नका. तिच्याशेजारी बसून दुसरी ताटली तुम्ही फिरवा, मग 'आता तुझी, आता माझी' असं चालू द्या. सुरुवातीला ती तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. 'मामाचं पत्र' मध्ये तिला ओढून बसवू नका, पण तिच्या चकरांच्या वाटेवर एखाद्या शांत पोराला बसवून बघा. घंटा तिच्यापासून लांब वाजवा.

तुमच्या हाताखालून बाकीची मुलंही जातात, त्यांच्यासाठी एवढं ध्यानात असू द्या: चार महिन्यांपर्यंत मान सावरत नाही, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाला चालत नाही, सव्वा वर्षाला बोट दाखवत नाही, दीड वर्षाला एकही शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही, तर पाठवायचं. आणि येत असलेली गोष्ट जायला लागली, बोलणारं मूल गप्प झालं किंवा चालणारं पडायला लागलं, तर वय कुठलंही असो, त्याच आठवड्यात पाठवायचं.

यावरूनच ताज्या कलमाकडे येते. खरं सांगायचं तर पत्र वाचताना माझं बोट तिथेच थांबलं. 'पूर्वी नव्हता पडत' या तीन शब्दांसाठी. त्या मुलाला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि 'ऊठ' म्हणा, खेळता खेळता. उठताना तो आधी पालथा-ओणवा होतो का, मग हात गुडघ्यांवर, मांड्यांवर टेकत स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो का, ते बघा. पायरी चढताना कठडा धरतो का, चवड्यांवर चालतो का, पळताना बाकीच्यांच्या मागे पडतो का. भरलेल्या पोटऱ्या नेहमी ताकदीच्या नसतात. स्नायूंच्या एका आनुवंशिक आजारात, ड्यूशेनमध्ये, पोटऱ्या फुगीर दिसतात आणि आतला स्नायू मात्र झिजत असतो. हा आजार जवळपास नेहमी मुलग्यांनाच होतो आणि याच वयात कळायला लागतो. सीपीके नावाची रक्ताची साधी तपासणी असते. ती खूप वाढलेली आली तर पुढच्या तपासण्या मोठ्या रुग्णालयात होतात. बरं करणारं औषध नसलं तरी वेळेवर सुरू केलेल्या स्टेरॉइडने आणि फिजिओथेरपीने मुलं जास्त वर्षं स्वतःच्या पायांवर चालतात. दुसरं काही निघेल, काहीच निघणार नाही, असंही होऊ शकतं. पण हे बघायलाच हवं.

हा आजार बऱ्याचदा आईकडून येतो, नेहमी नाही. ते तुम्ही कुणाला सांगायचं नाही. ते डॉक्टर सांगतील, नवरा-बायको दोघांना समोर बसवून, पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी. वाडीवर ते अर्धवट पसरलं तर त्या बाईला माहेरी पाठवायला वेळ लागणार नाही.

चुलत्यांना तूर्त एवढंच म्हणा की तपासणी होईपर्यंत याला बैठका काढायला लावू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांना चिठ्ठीत 'वारंवार पडतो, जमिनीवरून उठायला हात टेकतो, पोटऱ्या फुगीर, सीपीके करावी' असं स्पष्ट लिहायची विनंती करा. नुसतं 'अशक्तपणा' लिहिलं तर टॉनिकची बाटली देऊन परत पाठवतील. दोन्ही घरं तयार झाली तर चिऊ आणि हा मुलगा एकाच दिवशी न्या. नाही झाली, तर आधी त्याला न्या.